हवेशीर मेंदू

(ताडोबाच्या जंगलालगत, मोहर्लीच्या अलीकडचं एक गाव. सन दोन हजार तीन, धानाची कापणी उरकल्यानंतरची दुपार. समाजमंदिरात प्लास्टिकच्या तीन खुर्च्या. एकीवर पुण्याचे मेंदूशास्त्रज्ञ डॉ. टेंबे, दुसरीवर त्यांची सहायक, चंद्रपूरच्या बांगडीवाल्यांची शगुफ्ता. तिसरी खुर्ची शेतकरी लटारूभाऊंसाठी मांडली होती, पण तिच्यावर डॉक्टरांची बॅग बसली आहे, म्हणून लटारूभाऊ उभे.)

डॉक्टर : तर थोडक्यात, तुमच्या पत्नी बुधरीबाई पास झाल्या. पैकीच्या पैकी गुण. या अख्ख्या गावात स्मृतिभ्रंश नसलेली एकमेव स्त्री. आणि हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

लटारू : आत्ता तं सांगतलं नं जी.

डॉक्टर : नाही सांगितलं. निकाल जानेवारीत परिषदेत जाहीर होईल. तोवर तो लागलेलाच नाही. शगुफ्ता, यांना समजावून सांग.

शगुफ्ता : लटारूभाऊ, बुधरीबाई पास झाल्या, पन झाल्या नाईत.

डॉक्टर : याला तू भाषांतर म्हणतेस?

शगुफ्ता : सर, तुम्ही मराठी बोलता, हे पण मराठीच बोलतात. मध्ये बसून मी जे करते, त्याला दुभाषी हे नाव तुम्हीच दिलंय.

लटारू : पन ती पास झाली कशी? आज सकाळी तिनं चुलीवर चप्पल शिजायले ठेवली होती.

डॉक्टर : कोणाची चप्पल?

लटारू : माझी.

डॉक्टर : म्हणजे स्वतःची कोणती आणि नवऱ्याची कोणती, हे त्यांना कळतं. चांगलं लक्षण आहे.

लटारू : अन सरपंचीनबाई नापास? ती गाव चालवते, सायेब.

डॉक्टर : हा आजार सुरुवातीला दिसत नाही.

लटारू : सुकलूची माय नापास? तिले गावातल्या सगळ्याइची लग्नं अन बाळंतपनं तोंडपाठ हायेत.

डॉक्टर : जुन्या आठवणी शेवटपर्यंत टिकतात. पुस्तकात आहे तसं. माझ्याच.

शगुफ्ता : माझी अम्मी पन नापास, भाऊ. सर आमच्या घरी जेवायले आले होते, जेवता जेवता तपासली. बांगड्यांचं दुकान एकटी सांभाळते ती. त्यानंतर तिनं सरांले पुन्हा काई बोलावलं नाई.

डॉक्टर : विसरली. बघ, मी म्हणत होतो.

लटारू : पन तुमी त्याइले इचारता काय?

डॉक्टर : आधी परदेशी प्रश्नावली होती. आजची तारीख काय, शंभरातून सात गेले किती. तुमच्या गावात जो तो मलाच विचारायला लागला, काऊन गेले, कोणी नेले. मी ती फेकून दिली आणि स्वतःची चाचणी बसवली. टेंबे चाचणी. एकच प्रश्न, अगदी अडाण्यातल्या अडाणी बाईलाही यावा असा. नवऱ्याचं नाव काय?

लटारू : हे तुमी आमच्या बायांले इचारलं?

डॉक्टर : आणि एकीला आलं असेल तर शपथ. मान खाली घालतात, पदर तोंडात कोंबतात, एकमेकींकडे बघून हसतात. मी सगळं टिपलं. गोंधळ, संकोच, कारण नसताना हास्य. मेंदूचा पुढचा भाग गेलेला.

शगुफ्ता : मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, सर. इकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही.

डॉक्टर : आणि मीही पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मला चालीरीती नकोत, आकडे हवेत. माझी पत्नी मला नावानेच हाक मारते.

लटारू : अरेरे. केव्हापासून जी?

डॉक्टर : लग्नापासून.

लटारू : लयच लवकर लागलं म्हनाचं त्याइले.

डॉक्टर : बुधरीबाईंचं मात्र वेगळं. मी प्रश्न विचारायचा अवकाश, त्यांनी खणखणीत सांगितलं. लटारू. आणि मी लिहून घेईपर्यंत म्हणतच राहिल्या, लटारू, लटारू.

लटारू : सायेब, लग्न झालं तवापासून तिनं माझं नाव तोंडातून काढलं नवतं. 'अवो' म्हने. चंदा झाली, तं 'चंदाचे बाबा' म्हनाले लागली. जनगननेवाला आला, तं त्याले माझं नाव इचारायले शेजारी धाडलं. मी एकदा विहिरीत पडलो, तवाही 'अवो पडले, अवो पडले' करत गावभर धावली. कोनाचे अवो पडले, हे समजेस्तोवर मी अर्धा बुडलो होतो.

डॉक्टर : म्हणजे आता सुधारणा आहे.

लटारू : मागच्या दिवाळीत मी अंगनात बसलो होतो. मांगून आवाज आला, लटारू. मले वाटलं कोनी पावना आला. वळून पाह्यलं, तं ती. मी म्हटलं, काय म्हनतेस? तं म्हनते, तू नाई, लटारूले बोलाव.

डॉक्टर : नाव बरोबर सांगितलं ना पण?

लटारू : नाव बरोबर होतं.

डॉक्टर : मग गुण पूर्ण. त्या नावाचा माणूस ओळखता यावा, अशी चाचणीची अट नाही.

लटारू : अन नागपूरले मशीनीत घातलं होतं तिले, त्या फोटोत काई नाई निंगालं?

डॉक्टर : उत्कृष्ट निघालं. हा बघा, तुमच्या पत्नीचा मेंदू.

लटारू : हे मधात काळं काळं काय हाये?

डॉक्टर : मोकळी जागा. शहरातला मेंदू गच्च भरलेला असतो, पाय ठेवायला वाव नाही. हा जंगलातला. हवेशीर. निरोगी, हवेशीर मेंदूचं हे जगातलं पहिलं चित्र आहे. परिषदेत मी भिंतभर लावणार.

शगुफ्ता : सर, अगदी असंच चित्र तुमच्या पुस्तकात आहे. खाली लिहिलंय, अखेरची अवस्था.

डॉक्टर : ते पुस्तक मी मागे घेतोय.

शगुफ्ता : आणि झोपेवरचं?

डॉक्टर : ते तर आधी. वीस वर्षं मी जगाला सांगत फिरलो की रात्रीची गाढ झोप मेंदू धुऊन काढते. माझी प्राध्यापकी त्यावर उभी आहे. इथे काय आढळलं? रात्री घोरणाऱ्या सगळ्या बायका नापास. बुधरीबाई दिवसा झोपतात, रात्री हिंडतात, आणि पास. निष्कर्ष शेंबड्या पोरालाही कळेल. रात्रीची झोप मेंदूला घातक आहे.

लटारू : ती रातच्याले हिंडते म्हून मी तिच्या लुगड्याचा पदर माझ्या पायाले बांधून निजतो, सायेब. परवा गाठ सुटली. उजाडल्यावर तलावाच्या पाळीवर भेटली. चिखलात तिची पावलं होती, अन त्याच्या बाजूबाजूनं वाघाची.

डॉक्टर : वाघाने काही केलं?

लटारू : नाई.

डॉक्टर : वाघही रात्री झोपत नाही. त्याची स्मरणशक्ती तपासण्यासारखी असणार.

शगुफ्ता : त्याला नवऱ्याचं नाव विचारू नका, सर.

लटारू : मले दोनच गोष्टी पायजे जी. नापास बायांले तुमी समोर बसवून गोळ्या गिळायले लावता. त्या धडधाकट बायांले रातभर रंगीत सपनं पडून राह्यले, सरपंचीन तं सपनात इमान चालवते. त्यातली एक गोळी हिले द्या. अन नागपूरले तुमचा वार्ड हाये, जिथी रातच्याले दार लावून नर्स बसते, तिथी एक खाट द्या. माझं वय झालं. एखाद्या राती गाठ सुटन, अन मले जाग येनार नाई.

डॉक्टर : निरोगी माणसाला औषध देणं हा गुन्हा आहे, भाऊ. मी कायद्याबाहेर जात नाही.

शगुफ्ता : आणि त्या बाकीच्या बायका?

डॉक्टर : त्या आजारी आहेत. चाचणीत सिद्ध झालंय.

शगुफ्ता : सर, तुम्हाला कळलंय. 'तू नाई, लटारूले बोलाव' असं हे म्हणाले, तेव्हा तुमचं पेन थांबलं होतं.

डॉक्टर : कळलं असं धरून चालू. मग माझ्याकडे उरतं काय? मागे घेतलेली दोन पुस्तकं आणि एक उलटी चाचणी. दिल्लीत संचालकाच्या खुर्चीसाठी माझं नाव चाललंय. त्यांना जाऊन सांगू, की एका गावातल्या बायका लाजल्या आणि माझं शास्त्र गेलं? तिकडे गाळात गेलेला मेंदू काय एकटा बुधरीबाईंचाच आहे? हे मी बोललो नाही.

शगुफ्ता : आज तुम्ही बरंच काही बोलला नाहीत, सर.

डॉक्टर : लटारूभाऊंचं काही म्हणणं असेल तर रीतसर अर्ज करावा. शुद्ध भाषेत. मी गाडीत बसतो. ती बॅग दे.

लटारू : गेले का?

शगुफ्ता : गेले. बसा आता, खुर्ची रिकामी झाली. सांगा, मी लिहिते. कोनी वाचनार नाई, एवढं आधीच सांगून ठेवते.

लटारू : मंग तं मोकळ्या मनानं सांगता येते. लिहा. मान्यवर सायेब. मी लटारू, राहनार इथीच.

शगुफ्ता : कुठंतरी 'सदर' घाला, भाऊ. त्याबिगर अर्ज होत नाई.

लटारू : सदर बाईले नापास करन्यात यावं.

शगुफ्ता : लिहिलं. संपवू का?

लटारू : थांबा, एक राह्यलं. सदर बाईनं अर्जदाराचं नाव घेनं बंद करावं, अन पयलेसारखं नुसतं 'अवो' म्हनावं, ही नम्र विनंती.