भाजलेलं वॉशर

विठा : परत टपकलं. तो बघा, कार्बोरेटरखाली ओला डाग.

धर्मराज : अगं, आत्ताच तर आवळला बोल्ट!

विठा : आवळा, अजून आवळा. पण सांगून ठेवते, पेट्रोल गळणाऱ्या गाडीत मी बसणार नाही. पोटात बाळ घेऊन तर मुळीच नाही.

धर्मराज : मग दवाखान्यात काय चालत जाशील? बुवापाड्यात अडल्यावेळी रिक्षा येते का कधी?

विठा : म्हणून तर म्हणते, नीट करा ना. कारखान्यात दिवसभर पाइप जोडता म्हणे!

धर्मराज : तिथंच तर माती खाल्ली. पाण्याच्या पाइपासारखा बोल्टाच्या आट्यांवर दोरा गुंडाळला, वर सफेदा फासला. पेट्रोलनं सगळं धुऊन नेलं. कॅम्प चारच्या गॅरेजमधला होतू मिस्त्री पोट धरून हसला. म्हणे, "साईं, पेट्रोल चूडी पे नहीं, वॉशर पे रुकता है."

विठा : मग नवं वॉशर आणा.

धर्मराज : या गाडीचं? छप्पन सालची मॉरिस, बाबांना त्यांच्या शेठनं दिलेली. माझ्यापेक्षा वयानं मोठी! वॉशर तांब्याचं, दाबून दाबून दगड झालंय. होतू म्हणाला, "घर जा के पापड माफिक भून लो."

विठा : वॉशर भाजायचं? चेष्टा केली असेल तुमची.

धर्मराज : मलाही तसंच वाटलं. पण करून तर बघू. हे घे, बोल्टाची दोन्ही वॉशरं काढलीत. चल आत, गॅस पेटव.

(दोघं स्वयंपाकघरात. बाहेर अंगणात गाडीचं बॉनेट उघडंच.)

विठा : द्या तो चिमटा, तुमच्या हातांना पेट्रोलचा वास येतोय. तिकडंच उभे राहा... अगंबाई! लाल झालं. निखाऱ्यासारखं लाल!

धर्मराज : टाक, पाण्यात टाक!

विठा : काळंठिक्कर पडलं बघा. थांबा, चिंचेनं घासते... अहो! हे तर बोटांनी वाकतंय!

धर्मराज : बघू? आयला! मघाशी पक्कडीला दाद देत नव्हतं. एवढी वर्षं दाब खाल्लेलं तांबं, एका जाळात इतकं मऊ? काटा आला बघ अंगावर.

विठा : माझ्यापण. रोज तांब्याचा हंडा घासते मी, पण त्याच्या पोटात हे असं काही असेल, वाटलं नव्हतं हो.

धर्मराज : वाकवू नको आता, दुसरंपण तसंच भाज... झालं? आण इकडं. चल गाडीपाशी... हां, बसलं. हे दुसरंपण बसलं. आता तू बाहेरूनच हात घालून चावी फिरव. पंप टकटक करेल. कार्बोरेटर भरलं की थांबायला हवा. इतके दिवस थांबतच नव्हता.

विठा : फिरवली. टकटकतोय... अजून टकटकतोय... थांबला!

धर्मराज : थांबला! आणि इथं बोट फिरवतोय, कोरडं. ठणठणीत कोरडं! विठा, खरंच गं, एक थेंब नाही!

विठा : इंजिन चालू करा बघू.

धर्मराज : हे घे... काय गोड चालतंय! मला तर बघतच राहावंसं वाटतंय. अगं, तू आत कधी बसलीस?

विठा : बसले.

धर्मराज : बसणार नव्हतीस ना? उतर, मस्त चहा टाक.

विठा : आता उतरणं व्हायचं नाही. पहाटेपासून कळा येतायत.

धर्मराज : पहाटेपासून? आणि तशीच चिमटा धरून उभी होतीस? बाई गं! बोलली का नाहीस?

विठा : बोलले असते, तर तुम्ही घाईघाईत परत बोल्टच आवळत बसला असता. बॉनेट लावा आता.