फेब्रुवारीत सुरू करणार

(रियाध. डिसेंबरातली दुपार. व्हिलांच्या कंपाउंडमागची शेड. गवत कापायची सहा मशीनं ओळीनं उभी.)

दीनानाथ : म्हंजे नुसती टाकी रिकामी करून भागत न्हाई?

सिराजुद्दीन : नाही भागत. आधी ती सिगारेट लांब विझवून ये. हां. पेट्रोल कॅनमध्ये काढलं की मशीन चालू करायचं, नि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. कार्बोरेटरात पेट्रोल राहिलं तर दोन महिन्यांत त्याचा चिकटा होतो. मग फेब्रुवारीत दोरी ओढून खांदा निखळला तरी सुरू व्हायचं नाही.

दीनानाथ : मग ऱ्हाऊ द्या की.

सिराजुद्दीन : काय राहू द्या?

दीनानाथ : पेट्रोल. फेब्रुवारीत गवत वाढंल, मशीन एक चालणार न्हाई. तुमच्या जागी घेतलेला सौदी माणूस नुसता बघत ऱ्हाईल. मग मॅनेजर झक मारत तुम्हाला व्हिसा पाठवंल, सिराजभाई.

सिराजुद्दीन : त्या सौदीला कोण विचारतोय, बाबा? त्याच्या हाताखाली तुझं नाव आहे. मशीन अडलं की माझ्यामागून तुझाही एक्झिट, कायमचा घरी.

दीनानाथ : बावीस वर्षं काढली तुम्ही हितं. आता सौदी माणसं वाढवायची म्हणून एका कागदावर खलास?

सिराजुद्दीन : आलो होतो तोही कागदावरच. ती ट्रिमरची बॅटरी बघ. किती लाइट लागतात?

दीनानाथ : चार. फुल हाय.

सिराजुद्दीन : फुल नको. ट्रिमर चालवून दोनवर आण. तुडुंब भरून ठेवली तरी बिघडते, साफ उतरवली तरी मरते. अर्धी ठेवायची, काढून, आत खोलीत. महिन्यानं एकदा बघायची.

दीनानाथ : तुम्हाला राग कसा येत न्हाई वो?

सिराजुद्दीन : यायला हवा. दोन दिवस वाट बघतोय. काही येतच नाही. जेवलो तरी चव लागत नाही.

दीनानाथ : आलिमाभाभी काय म्हणाल्या?

सिराजुद्दीन : त्या पट्ट्या चिकटव मशिनांवर. लिहून ठेवल्यायत.

दीनानाथ : म्हंजे घरी सांगितलंच न्हाई?

सिराजुद्दीन : जानेवारीत सहरचं लग्न. मुलाकडच्यांनी बाप सौदीत आहे ऐकून होकार दिलाय. आता तोंड उघडलं तर पोरीचं काय होईल?

दीनानाथ : आन् लग्नानंतर?

सिराजुद्दीन : चिकटवल्यास?

दीनानाथ : चिकटवल्या. पर हे काय? ‘पेट्रोल काढले, बारा डिसेंबर. फेब्रुवारीत सुरू करणार : सिराजुद्दीन.’ सहाच्या सहांवर तुमचंच नाव हाय.

सिराजुद्दीन : असं? दरवर्षी लिहितो, हात लिहून गेला. खोड नि तुझं घाल.

दीनानाथ : मला न्हाई खोडवत, सिराजभाई.

सिराजुद्दीन : दे पेन इकडे. आलिमालाही मी हेच सांगितलंय. फेब्रुवारीत इथे परत यायचंय म्हणून.