पेडल कडक की पाय म्हातारा?

...आणि वर मलाच म्हणतो, "बाबा, पेडल ठीक आहे, तुमचा पाय म्हातारा झालाय!" ऐकलंत? माझा पोरगा, नौफल! ज्या पायाच्या लाथेनं याला शाळेत धाडला, त्या पायाला!

तुम्हाला सांगतो, आपल्या ऐन द्राहमहून तबरकाच्या बाजाराला उतरणारा तो घाट, माझी जुनी डिझेल गाडी, मागं चार बाया, त्यांच्या पायांशी एक बकरा. पहिल्या वळणाला ब्रेकचं पेडल लोण्यासारखं, दुसऱ्याला लोण्यासारखं, आणि तिसऱ्याला... दगड! अहो, दोन्ही पाय रोवून सीटवरून उठलो तेव्हा कुठं गाडी थांबली, तीसुद्धा ओकाच्या झाडाला नाक लावून! बाया कलमा पढताहेत, आणि बकरा माझ्याकडं बघतोय... की बाबा, ईदच्या आधीच?

सकाळी गेलो लुत्फी मेस्त्रीकडं. त्यानं इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा हाणलं, मग दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं. पेडल गपकन खाली! "बघा काका, ब्रेकला जोर देणारा बूस्टर ठणठणीत. तुमचा पायच म्हातारा झालाय." अरे शहाण्या, सकाळी इंजिन थंड असतं, गरम झाल्यावर बघ की! पण गरम करून दुपारी न्यावी, तर हा पोटभर जेवून घोरत पडलेला!

नौफलनं तर गाडीला गिऱ्हाईकही ठरवलं. "शुक्रवारी किल्ली द्या, बाबा. कुणाचा जीव जायच्या आधी." आणि मग मी काय करू? या चहाच्या टपरीवर तुमच्यासारख्या रिकामटेकड्यांबरोबर पत्ते कुटू?

घरी बायको, मबरूका. रोज विचारणार, "आज कसं होतं पेडल?" मी म्हणायचो, "कडक!" की ती म्हणायची, "दृष्ट लागलीय, दुसरं काय! मी आहे ना, बघते." मला वाटलं, काहीतरी पुटपुटत असेल...

शेवटी गुरुवारी मीच गाडी घाटात खाली-वर पळवली, पेडल दगड होईस्तोवर. झालं तसा तिथंच थांबलो, इंजिन चालूच, बॉनेट उघडलं. बूस्टरमधली हवा ओढून घेणारी ती रबरी नळी चाचपली, तर उकडलेल्या मॅकरोनीसारखी मऊ, आणि तिच्या गळ्याला... लाल दोरा! दोऱ्यात वाळक्या माशाचं शेपूट, चांदीचा पंजा, आणि वेढ्यावर वेढे! थंड असताना रबर छाती काढून उभं, गरम झालं की मऊ पडतं आणि दोरा त्याचा गळा आवळतो! बूस्टर मेला, सगळ्या डोंगराचं ओझं माझ्या पायावर! दोरा कापला, पेडल दाबलं... लोणी!

घरी येऊन ते शेपूट नाचवलं. "हे काय गं?"

"ताईत! आरशाला टांगला तर उतारू चोरतात. म्हणून लुत्फीला विचारलं, यांचा जीव कुठल्या नळीवर आहे? त्यानं बोट दाखवलं."

"आणि इतका घट्ट?"

"अहो, तुम्ही कडक म्हणालात की मी एक वेढा वाढवायची."

घ्या! म्हणजे मी तक्रार करतोय, ही आवळतेय, ही आवळतेय म्हणून मी तक्रार करतोय!

शुक्रवारी नौफलला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला बसवून अख्खा घाट उतरलो. एकेक वळण लोणी! आता विकतोय कोण? गिऱ्हाईक पायी परत, किल्ली माझ्या खिशात. आता बोला, कुणाचा पाय म्हातारा?

पण मबरूका ऐकतेय होय? "ताईत नसेल तर गाडीला हात लावायचा नाही!" मी नळीवर बांधू देईना, तर म्हणाली, "बरं, ब्रेक दाबतं कोण?"

...हा बघा, उजव्या घोट्याला, मोज्याच्या आत. शेपूट टोचतंय, पाय सुन्न, इथवर लंगडत आलो. वाटेत नौफल भेटला, म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो, पाय म्हातारा झालाय!"

आणि घरी सांगायची सोय नाही हो... दुखतंय म्हटलं, की एक वेढा वाढतो.