सावरोला लागलेला वारा

"हॅलो?… हो, मीच बोलतेय. दुसरं कोण उचलणार? सावरोमामाला फोनची घंटा ऐकू येते का?… हो, हा काय समोर बसलाय, मटार सोलतोय. बोल, फिआम्मा."

"केक?… केक ओव्हनमध्ये आहे. अजून दहा मिनिटं."

ओर्नेल्लाबाईंनी ओव्हनकडे एक नजर टाकली. ओव्हन सकाळपासून थंड होता. पीठ डब्यात होतं, अंडी टोपलीत.

"पोचलीससुद्धा? पार्टी चारला होती ना?… आत्ता कुठे साडेतीन! बाई गं, गोवराला एवढी कसली घाई?… टोमणा नाही मारत, सरळ विचारतेय. बाप्तिस्म्याला कुठला केक करायचा ते मला येतं. आजारी पोराच्या उशाशी दहा पोरं बसवून एकाच पेल्यातून सरबत पाजायचं, त्याला कुठला करतात? लिंबाचा चालेल?"

"हो, हो… ऐकतेय. गोवर येऊन गेला की डॉक्टर चिठ्ठी देणार, मग सक्तीच्या दहा लसींतली एक कमी. पाठ झालंय मला. पण उरलेल्या नऊंचं काय? धनुर्वाताची पार्टी कुणाकडे आहे? गंजलेले खिळे मी आणते."

"नाही हसत. हसू येतंय कुणाला?… अगं, लस नाही म्हणून बालवाडीच्या दारातून बीचेला परत पाठवलं तेव्हा मीही रडले होते. माझी नात आहे ती! पाच वर्षांची पोर, हातात चपलांची पिशवी… कायदा दांडगा आहे, कबूल. मंत्र्याला तू काय काय म्हणालीस तेही कबूल. पण मंत्र्यावरचा राग पोरीच्या अंगावर का काढतेस?"

"थांब, थांब. ती कुठाय आत्ता? त्या आजारी ताद्देओच्या खोलीत गेली?… नीट सांग, फिआम्मा!… गाडीतच आहे? नक्की?… बरं. बरं. दार लाव, काचा लाव… वाऱ्यासाठी नाही म्हणत!"

ओर्नेल्लाबाईंनी खुर्ची ओढली. बसल्या. सावरोनं एक दाणा तोंडात टाकला आणि बहिणीकडे बघून हसला.

"केक मरू दे. मला सांग, सावरोमामाचे कान कशानं गेले?… हो, वारा लागून. तुला कुणी सांगितलं?… मी. मला आईनं. ते खोटं आहे."

"अगं ऐक ना… ऐक! बावन्न साल. मी सात वर्षांची, तो चार. मला गोवर आला. आईनं त्याला उचललं आणि आणून माझ्याच अंथरुणात घातलं. एकदाच उरकू दे म्हणाली, दोनदा जागरणं कोण करणार? गल्लीतल्या सगळ्या बाया तेच करायच्या. मी आठवड्यानं उठून अंगणात खेळायला लागले. त्याचा ताप मात्र उतरेना, कानातून पू. बरा झाला तेव्हा मी हाक मारली, तर वळलाच नाही. मला वाटलं, रुसलाय."

"…हो. रुसलाय वाटलं. मग दोन दिवस मीही बोलले नाही त्याच्याशी."

"आईनं सांगून टाकलं, खिडकी उघडी राहिली, वारा लागला. कोण उलट विचारणार? आपल्या रोमान्या भागात वाऱ्यानं मान धरते, पोट बिघडतं, ठरलेली लग्नं मोडतात. सदुसष्ट वर्षं खिडक्या लावून बसलोय आम्ही. भर ऑगस्टातसुद्धा… तुला आठवतं ना, तू किती भांडायचीस?"

"नाही. त्याला माहीत नाही."

"माझ्या आईला नावं ठेवू नकोस गं. तेव्हा लस होती कुठे? असती तर अनवाणी बोलोन्यापर्यंत चालत गेली असती. तुझ्या घरापासून दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे, आणि तू मला केक मागतेस."

"हॅलो?… फिआम्मा?… आहेस ना?… मागे कोण बोलतंय? ताद्देओची आई?… आत बोलावतेय? नाही… नाही म्हण! सांग, केक जळला."

"नाही जळला. लावलाच नाही मी. सकाळपासून खोटं बोलतेय. आता ओरड हवं तेवढं."

पलीकडून हुंदका आला. ओर्नेल्लाबाईंनी फोन कानावर इतका दाबला की कान लाल झाला.

"…रडू नकोस. रडत गाडी चालवायची नाही, एवढं तरी कायद्याचं ऐक… हो. उद्या सकाळीच. टोचताना तू बाहेर थांब, मी धरते तिला… आधी गोवराची. बाकीच्या नऊंवरून सरकारशी भांड, फलक घेऊन मी येते… हा गाडीचाच आवाज ना? कुठे चाललीस?… इकडे? वळलीस?… ये. ये, बाई. फोन ठेव आता, दोन्ही हात…"

फोन बंद झाला. ओर्नेल्लाबाई उठल्या आणि टेबलामागची खिडकी त्यांनी सताड उघडली. सावरोचा हात लगेच मफलरकडे गेला.

"असू दे उघडी!" त्या त्याच्या उजव्या कानाशी ओरडल्या, त्यात थोडं ऐकू येणं अजून शिल्लक होतं. "वाऱ्यानं काही होत नाही!… आई म्हणायची, हो… ते मटार ठेव बाजूला, सावरो. माझ्या ओठांकडे बघ."