गाजरगवत आन् माझी मान

माझं माहेर दिंडोरीकडचं, लग्न होऊन आले ती नाशकाच्या कडंला. इंदिरानगर तवा नुकतं बसत व्हतं, एका अंगाला आमची झेंडू-शेवंतीची वावरं आन् दुसऱ्या अंगाला रिकामे प्लॉट, त्यांत गाजरगवत कमरेइतकं. ते बांध ओलांडून फुलांत घुसायचं आन् उपटायला मी, उघड्या हातानं, कोण सांगणार वो तवा.

तिसऱ्या पावसाळ्यात खाज सुटली. काय सांगू तुम्हाला, मान, कोपरं, पापण्या, सगळं लाल, मग काळं, मग म्हशीच्या कातड्यावानी जाड. सासू म्हनली रक्त नासलंय हिचं. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मालक गरीब स्वभावाचे, खाली बघून जेवायचे. फूलबाजारात शेजारी हार विकणारी म्हनली, हिच्या हातचा हार देवाला कसा घालायचा, आन् गिऱ्हाईक तुटलं. पदरात दोन पोरी, वरून सासू म्हने माहेरी जा, बरी झाली तर ये.

मी नाय गेले. मी गेले सरकारी दवाखान्यात, एकटी, बसनं. डॉक्टरीणबाईनं इचारलं, शेतात काय उपटता? मग त्याच गवताचा पाला पाठीवर पट्टीखाली लावला, दोन दिसांनी काढला तर तिथंच फोड. म्हनल्या, बाई, हे गवत तुम्हाला सोसत नाही, तुमच्यापासून कोणाला काही व्हायचं नाही, पण पुन्हा हात लावू नका.

घरी सांगितलं तर सासू हसली. गवतानं कुठं मानूस असा व्हतो? मी बी उपटतेच की. मग माझं डोस्कं फिरलं. सकाळी बाजारात सासू व्हती, शेजारच्या व्हत्या, मी फडक्यात बांधून आणलेलं गवत काढलं आन् सगळ्यांसमोर डाव्या दंडावर, जिथं कातडं नितळ व्हतं तिथं, चोळलं. म्हनलं बघून ठेवा, हीच जागा. तिसऱ्या दिशी बाही वर केली, बरोबर तेवढंच फोडांनी भरलेलं, आग आग नुसती, तरी दंड मी एकेकीच्या नाकाशी नेला. बोला आता. सासूनं माझा हात धरला, दीड वर्सात पहिल्यांदा शिवली ती मला, म्हनली लय दुखतं का गं? म्हनलं, दुखतं तर.

आता निंदणी मालक करतात, मी बाजारात बसते. पुरतं बरं झालंच नाय, पावसाळ्यात मान पुन्हा पेटते. नवं गिऱ्हाईक बघून थबकतं, मी म्हनते फुलं घ्यायची तर घ्या, नायतर पुढं व्हा. तुम्ही हे लिहून घेतलं, आता फोटो बी काढणार हाय ना? काढा. पण मान झाकायला पदर वर ओढून घ्या म्हनू नका मला.