तीन खड्डे

—नका, हात नका लावू काका, ओला आहे अजून! केवढ्याने दचकले मी. दार वाजवून यायचं ना हो! वाजवलंत? दोनदा? मग या हीटरच्या घरघरीत ऐकू आलं नसेल, माझंच चुकलं, मी आजकाल कशालाही दचकते, परवा टोस्टरमधून पाव उडाला तर हातातला कप सोडला. बसा ना, ती पालथी बादली आहे त्यावर बसा. मांस-बटाट्याची पास्टी आणलीत? गरम आहे? ठेवा तिथे, माझे हात स्पिरिटने माखलेत, पुसून खाते. आणि तो रायफलचा दस्ता तारेला टांगलाय तसाच राहू दे, त्याच्याकडे बघायलाच नको, काही विशेष नाही त्यात.

कशाला करतेय म्हणजे? तुम्हीच म्हणाला होता की, रेनोकाका — बाबा गेले त्या वर्षी, याच गॅरेजमध्ये उभं राहून — "मार्लिस, पोरी, बापाची रायफल नीट ठेव हो." मग ठेवतेय नीट. त्यावरचं ते कंपनीचं रबरासारखं लेपण पार चिकट झालं होतं, नुसतं धरलं तरी हात काळे. दोन स्क्रू काढले, नळी वेगळी केली, लेपण खरवडलं, साबणाने धुतलं, स्पिरिटने पुसलं, पॉलिश पेपर मारला. सगळं तुम्ही शिकवलं तसंच. लाकडाचा दस्ता असता तर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली असती, खड्डे आपोआप फुगून वर आले असते. प्लॅस्टिकचं तसं नसतं ना. प्लॅस्टिक एकदा दबलं की दबलं, ते काही विसरत नाही. पुट्टी भरली तर वाळून खपलीसारखी निघून आली. पुन्हा भरली. आता हा तिसरा रंग — आणि तुम्ही आलात तेव्हा दिव्याखाली धरून बघत होते, तर पुन्हा दिसायला लागलेत. म्हणजे, पडला होता हो. गेल्या वर्षी दगडावर पडला माझ्या हातातून, त्याचे खड्डे.

उद्या? उद्या येईन की कॅम्पवर. येणार नाही असं कुठे म्हटलं? शिकारीच्या सीझनचा पहिला दिवस, आमच्या घरचं कुणीतरी हवंच, बाबांची खुर्ची रिकामी ठेवता तुम्ही सगळे, मला माहीत आहे. फक्त — ते भिंतीवरचं माझं शर्टाचं टोक काढता येईल का? लाल चौकड्यांचं. हसू नका ना. नेम चुकला की शर्टाचं टोक कापायचं नि भिंतीला ठोकायचं, हा कायदा सगळ्यांना सारखा, कळतं मला. तुम्हीच कापलंत, तुमच्या त्या सुरीने, आणि केवढे हसलात, "कॉलेजात हरणं पुस्तकात असतात गं, तिथे बरोबर लागतो नेम!" सगळा कॅम्प टाळ्या पिटत होता. मीही हसले. काय करणार होते? मी काही बोलायच्या आतच तुम्ही सगळ्यांनी मिळून नेम चुकवूनच टाकला. कुणी विचारलंच नाही की हरीण होतं का.

छे, काही नाही, असंच बोलले. कॉफी घेता? थर्मासमध्ये आहे.

अजून घालता ना तुम्ही शीळ, रुस्कासाठी? रोज, अंधार पडायच्या आधी, मागच्या पायरीवर उभं राहून. ऐकू येते इथपर्यंत. त्या वेळेला मी रेडिओ मोठा करते — रागावू नका, आवडत नाही असं नाही. ती कुंपणाला अडकलेली तिची नारिंगी बंडी सापडली तेव्हाच तुम्ही म्हणालात कुत्री लांडग्यांनी नेली, मग वर्षभर हाक कुणाला मारता? तिचं वाडगं अजून बाहेरच ठेवलंय, काल पाहिलं मी, त्यात बर्फ साचला होता. आणि लांडग्यांना शिव्या देता. नका देऊ हो. बिचाऱ्यांनी काय केलंय?

काका, तो खाली ठेवा. ओला आहे म्हटलं ना. बोट नका फिरवू त्यावरून, दगडाचे आहेत, सांगितलं ना — तीनच तर आहेत, चौथा पडलाच नसता, तो सुळा तर तिचा तुमच्याकडे हाड चावताना तुटलेला—

...

काका.

तिच्या अंगावर ती नारिंगी बंडी नव्हती, लांबून ओळखायला. सगळं तपकिरी होतं, वाळलेलं नेचं, झाडांची खोडं, आणि त्यातून तपकिरीच काहीतरी हललं. टोपीचे कान मी खाली ओढले होते, गारठा होता ना. तिच्या गळ्यातलं घुंगरू ऐकू आलं — आलं हो, पण गोळीनंतर. मी धावत गेले. उचलायला वाकले तर गुरगुरली माझ्यावर, रुस्का, जिला मी पावाच्या कडा चारायचे. मी घाबरले आणि दस्ता पुढे केला, नळी स्वतःकडे करून — बाबा असते तर कानाखाली काढली असती. तिने तो धरला. आणि सोडला नाही. डोळे थिजले तरी सोडला नाही, काका. मला दोन्ही हातांनी जबडा उघडावा लागला. दलदलीकडे ते आडवं पडलेलं सीडरचं झाड आहे ना, त्याच्या मुळांखाली ठेवलंय तिला, वर दगड रचलेत, कुणी उकरणार नाही असे. मग कॅम्पवर आले, तोंड उघडलं सांगायला, तर तुम्ही म्हणालात, "चेहरा बघा हिचा, चुकला नेम!"

हो. घुंगरू आहे माझ्याकडे. त्या खिळ्यांच्या डब्यात, तळाशी. घ्या, तुमचंच आहे — फक्त वाजवू नका. हळू काढा. नको ना, नका वाजवू... मला ते तसंही ऐकू येतं. हीटर बंद असला की येतं.

बोला ना काहीतरी. मला शिव्या द्या. लांडग्यांना देता तशा.

बरं. जा. जा तुम्ही, अंधार पडायच्या आत घरी पोहोचा. आणि हे बघा, ओला आहे सांगत होते, तुमचा अंगठा उमटला, बरोबर मधल्या खड्ड्यावर. असू दे. तो नाही घासणार मी. दार ओढून घ्या जाताना. रेडिओ बंद ठेवते आज — शीळ घातलीत तर ऐकेन. काका? घालणार ना?