अपुरी बॅच

श्यामसुंदर : …आणि म्हणूनच सांगतो, जयमालाबाई, आज दुपारी तीन वाजता या खोलीत देशाच्या उद्योगाचा एक नवा अध्याय उघडणार आहे.

जयमाला : तो उघडेपर्यंत बूट बाहेर काढा. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ नको, हा नियम तुमचाच.

श्यामसुंदर : काढले, काढले. मोजा अंगठ्यावर फाटलाय. मोठ्या साहेबांना दिसेल का?

जयमाला : एका जागी बसलात तर नाही दिसणार. सकाळपासून येरझारा घालताय, मला गरगरायला लागलंय.

श्यामसुंदर : कसा बसू? फोर्टच्या ऑफिसातून ते तळोज्यापर्यंत येताहेत ते एवढ्यासाठी. माझा 'संचय' प्रोग्रॅम पसंत पडला, तर तिन्ही कारखान्यांत बसवणार आणि मी हेड ऑफिसला. नाही पडला, तर मी परत टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी लावत. मधलं काही नाही. किती वाजले?

जयमाला : मघाशी विचारलंत त्याच्यापुढे चार मिनिटं. पडेल हो पसंत. फक्त त्यांना समजेल असं बोला. काल युनियनच्या पोपटरावांना तुम्ही इनपुट-आउटपुट समजावून सांगत होता, तर ते मला हळूच विचारतात, यांचं पोट बिघडलंय का?

श्यामसुंदर : अहो, सोपं आहे. पूर्वी तुम्ही एक नोंद टाइप केलीत की यंत्र डिस्कपर्यंत जाऊन ती लिहायचं आणि परत यायचं. नोंदीगणिक एक फेरी, तोवर तुम्ही हातावर हात ठेवून बसलेल्या. मी रूटीन्सची, म्हणजे तयार छोट्या प्रोग्रॅमांची, एक लायब्ररीच लिहिली, तोच संचय. आता नोंदी आधी आत जमतात, आणि पन्नासांची बॅच भरली की एका फेरीत सगळ्या डिस्कवर. स्टोअर्सचा प्रोग्रॅम असो, पगाराचा असो, ज्याला गरज त्याने संचयला बोलवायचं.

जयमाला : ट्रकसारखं. एकेक ड्रम पाठवत बसायचं नाही, गाडी भरली की सोडायची.

श्यामसुंदर : तेच. पण मोठ्या साहेबांसाठी टिपण लिहिलंय, त्यात ट्रक नाहीये.

जयमाला : त्यात वामन आहे का? गोदामातून पुन्हा फोन आला होता त्याचा. कॉम्प्युटर म्हणतो अ‍ॅसिडचे ड्रम शिल्लक आहेत, आणि हा म्हणतो, मी उभा आहे तिथे नुसती लादी आहे. साहेबांनी येऊन लादीतून अ‍ॅसिड काढून दाखवावं, असा निरोप आहे.

श्यामसुंदर : आजच सुचलं त्याला? ड्रम बाहेर गेल्याच्या नोंदी हरवतात कुठे म्हणून मी डिस्क तपासली, व्होल्टेज तपासलं. खाडीचा खारा वारा नको म्हणून खिडकीला चिकटपट्टी मारली, उंदरांचं औषध ठेवलं. रविवारी घरी बसून अख्खा प्रोग्रॅम ओळीनं वाचला. बायको म्हणाली, एवढं पारायण करताय तर प्रसादही करते.

जयमाला : सकाळच्या नोंदी सगळ्या जागेवर असतात, टेन्शन संध्याकाळच्यांचंच आहे. त्याही सगळ्या जात नाहीत, शेवटच्या शेवटच्या जातात.

श्यामसुंदर : शेवटच्या? संध्याकाळी यंत्र बंद कोण करतं?

जयमाला : हिरामण. माझं टायपिंग संपलं की मी खुर्ची सोडते. हिरामण, इकडे ये रे जरा. साहेब, तो प्लांटात रसायन शिजवायच्या रिअ‍ॅक्टरवर होता, दम्यामुळे इकडे दिला. माणूस सरळ आहे, उगाच चढू नका त्याच्यावर.

हिरामण : बोला सायेब.

श्यामसुंदर : यंत्र बंद करताना पडद्यावर काय येतं?

हिरामण : येक सवाल येतो. बॅच इनकम्प्लीट, रिलीज? येस का नो.

श्यामसुंदर : बरोबर. म्हणजे बॅच पुरती भरली नाही, तर उरलेल्या नोंदी तशाच लिहू का, असं ते विचारतं. आणि तू येस दाबतोस.

हिरामण : नाय. नो दाबतो.

श्यामसुंदर : रोज?

हिरामण : रोज. अपुरी बॅच रिलीज करायची नाय, सायेब. प्लांटान पयल्याच दिसाला शिकवलाय. अर्धी शिजलेली बॅच पुढं धाडली तं मानूस जातो. माज्या हातशी येक पन अपुरी बॅच कदी भायेर गेली नाय, ईचारा कोनालाबी.

जयमाला : साहेब, आता मात्र बसाच.

श्यामसुंदर : नो म्हटलं की संचय त्या नोंदी टाकून देतो. चुकून टाइप झालेलं रद्द करता यावं म्हणून मीच ती सोय ठेवली. आणि 'रिलीज' हा शब्द मी मुद्दाम प्लांटमधून उचलला हो. म्हटलं, कामगाराला परकं वाटू नये, आपला शब्द वाटावा.

जयमाला : वाटला की. चांगलाच आपला वाटला.

हिरामण : माजा काय चुकला काय, सायेब?

श्यामसुंदर : नाही रे. पण हे बघ, इथली बॅच शिजत नसते. ती अपुरी असली तरी पुढे पाठवायची.

हिरामण : अपुरी? आनि सही कोनाची?

श्यामसुंदर : कोणाचीच नाही.

हिरामण : मंग तुमीच दाबा. मी नाय दाबत.

जयमाला : दोन वाजून गेले, साहेब.

श्यामसुंदर : सवालच काढून टाकतो. बंद करताना जे उरेल ते न विचारता लिहायचं, बस्स. सरका, मला कीबोर्ड द्या. आणि वामनला फोन लावा. म्हणावं, मोठे साहेब गोदामाकडे वळले तर त्यांना लादी दाखवू नकोस, दुसरं काहीतरी दाखव.

(चार वाजून गेले आहेत. मोठ्या साहेबांची गाडी नुकतीच फाटकाबाहेर पडली. खोलीत तेच तिघे.)

जयमाला : चाललं ना पण? एक नोंद हरवली नाही. अपुरी बॅचसुद्धा गपचूप लिहिली गेली.

हिरामण : तवा मी तोंड फिरवला व्हता.

श्यामसुंदर : चाललं. टिपण त्यांनी चाळलं, उत्तम म्हणाले. मग म्हणाले, फायदा एका वाक्यात सांगा. मी म्हटलं, नोंदींना पाच वाजायचे, ते काम आता चारला आटपतं. खूश झाले. मला वाटलं, झालं काम. आणि तेवढ्यात तुमच्याकडे वळले.

जयमाला : मी काय करणार? चार वाजल्यानंतर काय करता, असं विचारलं. सांगितलं, विणकाम.

श्यामसुंदर : फायलिंग म्हणायचं होतं. काहीही म्हणायचं होतं. स्वेटर काढून दाखवायची काय गरज होती?

जयमाला : त्यांनीच मागितला. रंग आवडला त्यांना.

श्यामसुंदर : आवडला. आणि गाडीत बसताना मला म्हणाले, मग घाई नेमकी कोणाला आहे, टिपणीस? जुनंच चालू द्या. सोमवारपासून टाइम ऑफिस.

हिरामण : म्हंजे सवाल परत येनार?

श्यामसुंदर : सवाल नाही, बॅच नाही, काही नाही. एकेक नोंद, एकेक फेरी. बाई, रोजचा एक तास मी तुमच्या हातात आणून दिला होता. विणत कशाला बसलात? काम संपलं की उठून सरळ वाशीला घरी जायचं.

जयमाला : कशी जाणार? कंपनीची बस साडेपाचला सुटते.